पत्र्यावरचा कडबा

एप्रिलचं लाईटबिल आलं आन् बसूनं घर डोस्क्यावर घेतलं. अठराशे रुपयं! "शिरदेवी, घरात कूलर लावतीस का पिठाची गिरनी चालवतीस?" वरडत हुता बायकोवर, आयकू जात हुतं आईला. गौरम्मा बिचारी आत पत्र्याखाली, खाटंवर. खुब्याचं हाड मोडल्यापास्नं उठता येत न्हाय तिला. जुनं मातीचं माळवद दोन सालामागं पावसात बसलं, तितं पत्रा घातला, आन् त्या खोलीची भट्टी झाली.

मला ऱ्हावलं न्हाय. शेजारी ऱ्हाते, सगळं कानावर पडतंय. गेले आन् म्हनलं, "बसू, वरडून बिल कमी हुतंय व्हय? दारात कडब्याची गंजी हाय. पेंड्या हातर पत्र्यावर, दुहेरी. वरनं दोरी आवळ, टायरं ठेव."

बसू हसला. "सारजाकाकू, तुमी तर इंजिनेर झाला की!"

"हसू नगं. आमच्या बाच्या कडब्याच्या सपरात पंखाबी नव्हता, मेलो काय आमी?"

घातला कडबा. खरं सांगते, तिसऱ्या दिशी गौरम्मा भर दुपारी घोरत हुती. कूलर कोपऱ्यात गेला, पंखा तेवढा फिरायचा. फुडलं बिल चारशेवर आलं. मानसं बगाय यायची, आन् मी पदर सावरून सगळ्यास्नी सांगत सुटले, अक्कल माझी हाय म्हनून. जळो माझं तोंड.

जून लागला, पर आभाळात ढग म्हनून न्हाय. बसू सोलापुरात कारखान्यावर, पंदरा दिसांनी येनारा. खालची गंजी म्हशीला घालून सरली. इकत आनावा कडबा तर चाळीसला पेंडी, आन् तीबी दुधनीच्या बाजारात मिळंना. दुभती म्हस एकच, तिच्या दुधावर गौरम्माच्या गोळ्या. कूलर परत लावावा तर त्यो घागरीनं पानी पितोय, आन् टँकर येतोय चवथ्या दिशी. इकडं आड, तिकडं हीर.

शेवटी शिरदेवीनं शिडी लावली आन् कडंच्या दोन पेंड्या खाली वढल्या. मग रोजच दोन. 

मंगळवारी खाटंच्या वरच्या तेवढ्या चार पेंड्या उरल्या. म्हस फाटंपास्नं रेकत हुती. शिरदेवी वर चढली आन् पेंड्यावरच बसली, डोळ्याला पदर लावून. मी खाली शिडी धरून हुबी.

आतनं गौरम्मा वरडली, "काड की गं! कवाची रेकतीया ती."

"आत्या, तुमच्या डोस्क्यावरचा हाय ह्यो."

"म्हाईत हाय मला. रोज पेंडी सरकल्याली आयकतीया मी. मला ऊन लागलं तर मी शिव्या तरी दीन. तिला काय बोलता येतंय? काड."

"दोन दिसात पाऊस येईल, थांबा की."

"पावसानं चिठ्ठी धाडलीया व्हय तुला? सारजे, तू तरी सांग तिला!"

मी काय सांगू? घाल म्हनून मीच सांगितल्यालं, आता काड म्हनून कुटल्या तोंडानं सांगू?  शिरदेवीनं नाक पुसलं आन् एकेक पेंडी खाली टाकली. म्हस गप झाली.

दुपारी पत्रा तडतडाय लागला. पंखा वरची झळ खाली लोटाय लागला, म्हनून त्योबी बंद केला. खाट लिंबाखाली न्यावी म्हनलं, तर जरा हाललं की खुब्यात कळ उठायची. म्हातारी हात लावू दीना. लुगडं भिजवून अंगावर टाकलं, तर चुलीपतूर जाऊन येस्तवर वाळलं. लई जीव तुटत हुता माझा, पर करावं काय मानसानं?

सांजच्याला म्हशीनं चार लिटर दूद दिलं, रोजच्यावानी. शिरदेवीनं त्यातलं वाटीभर बाजूला काडलं आन् सासूच्या तोंडाला लावाय गेली. "घ्या आत्या, व्हट सुकल्यात."

गौरम्मानं डोळंबी उघडलं न्हाईत. "डेरीच्या मापात घाल ते. गोळ्या सरल्यात न्हवं?"

शिरदेवी वाटी घिऊन तशीच हुबी ऱ्हायली. मी लुगडं परत भिजवाय उठले, तर रांजनाच्या तळाला तांब्याभर पानी हुतं, आन् टँकर परवा. तेच घेतलं.