चुन्याच्या डबीचं स्वादुपिंड

माझा जुना मित्र सुबराव, त्याचं पत्र आठ दिवस टेबलावर पडून होतं. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून फोनऐवजी तो संकेश्वरहून पत्रच लिहितो. "जेवलं की पोटातली कळ पाठीत जाते. डॉक्टर म्हणतात, स्वादुपिंडाला सूज धरतेय, लगेच भरती व्हा. पण तुमच्या निपाणीकडचे सिग्नल महाराज हळदीच्या पाण्यानं सूज काढतात म्हणे. तू पुस्तकं वाचतोस. सांग, कुठं जाऊ?"

उत्तराचे चार कागद फाडले. मी ग्रंथालयातला निवृत्त कारकून. मला काय कळतं? शेवटी स्वतःच बघायला गेलो.

महाराजांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज येईल त्याच्या तळहातावर हळदीचं पिवळं पाणी ओतत, हात लालभडक होई, बघणारे पाया पडत.

"पेशीला सिग्नल दिला. जनुकाचं बटण बंद. लाल दिसतीय ती भाईर पडल्याली सूज. चला, पुढचा."

ढकलाढकलीत पुढचा मीच निघालो. माझा हात पिवळाच राहिला.

"रेंज न्हाय," महाराज म्हणाले. "पाप आडवं आलंय."

मला ते जवळजवळ पटलं.

रांगेत माझ्या मागं जयाबाई उभ्या होत्या, वखारीत तंबाखू निवडणाऱ्या. "अण्णा, निपाणीत ऱ्हाऊन तंबाखू खात न्हाईसा?"

"नाही."

"मग हात कसा रंगंल? हितं सगळ्यांच्या हाताला चुना असतोय."

त्यांनी कमरेची चुन्याची डबी उघडून त्यात महाराजांचं पाणी ओतलं. चुना लाल झाला.

"म्हाराज, माझ्या डबीला बी स्वादुपिंड हाय व्हय?"

"डबी अशुद्ध हाय," महाराज म्हणाले.

"मग करा की भरती तिला," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मांडव हसत सुटला.

घरी येऊन पाचवा कागद घेतला.

"सुबराव, हळदीला चुना लागला की ती लाल होते, रोग असो वा नसो. अन्न पचवणारा रस स्वादुपिंडातच कामाला लागला, तर पेशी दुखावतात. धोक्याचा निरोप पेशीच्या केंद्रकात पोचतो, तिथली सूज वाढवणारी जनुकं चालू होतात, आणि त्यांच्यामुळं बनणारी रसायनं आणखी सूज बोलावतात. हे तळहातावर उमटत नाही, रक्त तपासून कळतं. सुरुवातीलाच उपचार मिळाले तर बहुतेक माणसं सावरतात. माझंही डोळे मिटून ऐकू नकोस, डॉक्टरांना प्रश्न विचार. पण ते दवाखान्यात पडून विचार. आजच जा. आठ दिवस गप्प बसलो, ही चूक माझी."

पत्र पेटीत टाकलं. टाकल्यावर लक्षात आलं, पोचायला दोन दिवस लागणार. म्हणून तिथूनच संकेश्वरची बस धरली.