उलटी पाचर

लेम्पीनं धनुष्य माझ्या टेबलावर ठेवलं, तेव्हा खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. खालची भुजा मुठीपासून वीतभर उकलली होती, आणि तिच्या वडिलांनी तिला आयुष्यात दिलेली ती एकच वस्तू. पण लपवून काय करू, मला आनंद झाला. इतकी वर्षं या धनुष्याला तिनं मला नीट हातसुद्धा लावू दिला नव्हता.

"असंच दुसरं करून दे," ती म्हणाली. "ऑक्टोबरात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आत."

"असंच म्हणजे?"

"असंच म्हणजे असंच. शेवटपर्यंत मऊ ओढलं जाणारं. तुझी धनुष्यं ओढताना शेवटच्या चार बोटांत खेचरासारखी अडून बसतात."

"माझी धनुष्यं तीन राज्यांत जातात, बाई."

"जाऊ देत की. माझ्या खांद्याला झेपत नाहीत." तिनं निसू, म्हणजे आम्हा फिनिश लोकांचा वेलचीपाव, पिशवीतून काढून माझ्यासमोर आदळला. म्हणजे काम मी घेतलंय, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. वेलचीचा वास सुटला आणि मी नाही म्हणायचं विसरलो.

लेम्पीचे वडील इल्मारी म्हणजे माझे गुरू. दिवसा तांब्याच्या खाणीत आणि संध्याकाळी सॉनामागच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरामागच्या, शेडमध्ये धनुष्यं. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, म्हणजे मुख्यतः शिव्या खाल्ल्या. सहा मुलं होती, पण कुणाच्या पाठीवर कधी हात ठेवलेला मी पाहिला नाही. लेम्पी सोळा वर्षांची असताना त्यांनी हे धनुष्य तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "घे. तुझ्या हातासाठी आहे." बस, एवढंच. त्या एका वाक्यावर ही बाई आजपर्यंत जगलीय. भावंडांशी भांडण झालं की अजून ऐकवते, "बाबांनी माझ्या हातासाठी केलं होतं, तुमच्या नाही!"

आत काय घातलंय, असं मी म्हाताऱ्याला एकदा विचारलं होतं. "लाकूड," ते म्हणाले.

त्या दिवसापासून मला ही खाज आहे.

आता आमच्या कामातली एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. धनुष्याच्या प्रत्येक भुजेत मेपलच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात, वरून-खालून फायबरग्लास. या पट्ट्या सरळ नसतात. प्रत्येक पट्टी म्हणजे लांबलचक पाचर, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. उतरत्या फळीवर पट्टी ठेवायची आणि सँडरखालून, म्हणजे घासायच्या यंत्राखालून, पुन्हा पुन्हा काढायची. घाई केली की पातळ टोक सँडर खाऊन टाकतो. आणि दोन्ही टोकांतला फरक किती, तर अंगठ्याच्या नखाच्या जाडीएवढा. नुसत्या डोळ्यांना दोन्ही टोकं सारखीच दिसतात. म्हणून पाचर सँडरखालून निघाली रे निघाली की जाड टोकावर पेन्सिलीनं फुली मारायची. फुली नेहमी मुठीकडे. इल्मारींनी ही फुली माझ्या डोक्यात अक्षरशः ठोकून बसवली, पट्टीनं.

लेम्पी गेल्यावर मी जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन बसलो. भुजा मुठीपासून टोकाकडे पातळ होत जायला हवी. ही होतच नव्हती. मुठीजवळ मोजली, मध्ये मोजली, टोकाशी मोजली. सगळीकडे सारखीच! मला वाटलं व्हर्नियर बिघडला, म्हणून टेबलाचा पाय मोजून पाहिला. तो बरोबर होता.

म्हणजे म्हाताऱ्यानं सरळ पट्ट्या घातल्या? शक्यच नाही. सरळ पट्टी कुंपणाला लावतात, असं ते म्हणायचे. आणि आणखी एक गोष्ट मला खुपत होती. भुजेच्या कडा काळ्या रंगवल्या होत्या. रंग म्हणजे त्यांच्या दृष्टीनं होड्यांचं काम. दुसऱ्या एकाही धनुष्याला त्यांनी रंगाचा थेंब लावला नव्हता. मग इथंच का?

मी लेम्पीला फोन केला. "कडेचा रंग खरवडू का?"

"माझ्यासमोर खरवड," ती म्हणाली आणि गाडी काढून आलीच.

मी काचकागद घेतला. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि सूचना देत होती, जशी काही मी केळं सोलतोय. काळा रंग गेला, मेपल दिसू लागलं आणि दोन पट्ट्यांमधली ग्लूची बारीक रेघ उजळली. ही रेघ भुजेच्या बरोबर मधून जायला हवी. ती तिरकी जात होती. मुठीपाशी एका काठाजवळ, टोकापाशी दुसऱ्या काठाजवळ. दुसरी भुजा खरवडली. तिथंही तेच.

मला कळलं, आणि कळल्या क्षणी कळायला नको होतं असं वाटलं. चारांपैकी दोन पाचरींवर फुली चुकीच्या टोकाला पडली होती. प्रत्येक भुजेत एक पाचर सुलटी आणि एक उलटी बसली होती.

"काय रे? तोंड का पडलं तुझं?"

"काही नाही. जुनं लाकूड."

"आर्वो, तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. बोल."

मी बोललो. मुठीजवळ जाडी कमी पडली, म्हणून धनुष्य हलकं झालं. टोकं ताठ राहिली, म्हणून ते शेवटपर्यंत मऊ ओढलं जातं. "पण हे कुणी ठरवून केलेलं नाही, लेम्पी. ही चूक आहे. काळा रंग ती झाकायला."

ती स्टुलावर बसली. बराच वेळ रेघेवरून बोट फिरवत राहिली.

"मला हे मिळालं त्या हिवाळ्यात वैनोचं धनुष्य चाललं होतं," ती हळूच म्हणाली. वैनो तिचा मोठा भाऊ. "ख्रिसमसला मिळायचं होतं त्याला. मिळालं ईस्टरला. म्हणजे हे त्याचं होतं. फसलं, म्हणून माझ्या गळ्यात मारलं."

माझा मलाच राग आला. नको तिथं खरवडायची खाज मला, आणि भोगायचं हिनं. मी कॉफी ओतली. तिनं ती घेतली नाही.

मग तिनं एकदम मान वर केली. "आर्वो, फसलेल्या धनुष्यांचं बाबा काय करायचे?"

"सॉनाच्या चुलीत घालायचे. तुला माहीतच आहे."

"सगळी?"

"सगळी! माझं एक तर केसाएवढ्या फटीसाठी जाळलं. गिऱ्हाईक दारात उभं होतं."

"शनिवारी चूल मी पेटवायचे." ती आता माझ्याशी बोलत नव्हती. "ते आत आले, हातात हे. दोरी लावलेली, कडा कोऱ्या. मला वाटलं, दाखवायला आणलंय. मी म्हटलं, बाबा, एकदा ओढून बघू? त्यांनी दिलं. मी ओढलं, पार गालापर्यंत. मला हसू फुटलं रे. आमच्या घरातलं एकही धनुष्य मला तोवर ओढता आलं नव्हतं. ते नुसते बघत राहिले. मग काढून घेतलं आणि निघून गेले. पुढच्या आठवड्यात काळ्या कडा घेऊन आले."

मी त्या माणसाला तापट, चिकट, दगड, सगळं म्हणत आलो होतो.

"जाळायलाच आणलं होतं त्यांनी," लेम्पी म्हणाली, आणि मग कॉफी घेतली.

नव्या धनुष्यासाठी मी चार पाचरी घासल्या. फुल्या मारल्या. ग्लू लावला आणि प्रत्येक भुजेत एक अशा दोन सुलट्या बसवल्या. तिसरी उचलली, तर हात फुली मुठीकडेच वळवायला लागला. पाठीवर पट्टी बसेल असं खरोखर वाटलं.

"सरक," लेम्पी म्हणाली. "ग्लू काय तुझ्यासाठी थांबणारेय?" तिनं तिसरी आणि चौथी पाचर फुली टोकाकडे करून स्वतः बसवली. मी वरून दाबासाठी अग्निशामक नळीचा तुकडा ठेवून त्यात हवा भरली आणि ग्लू पक्का व्हायला सगळं गरम पेटीत सरकवलं.

सप्टेंबरच्या शेवटी तिनं अंगणात ते ओढलं. गालापर्यंत आलं, कुठंही न अडता. ती हसली आणि म्हणाली, "हां. हेच."

"कडांना काळा रंग देऊ?"

"कशाला? दिसू दे की रेघ."

उकललेलं जुनं टेबलावर पडलं होतं. मी ते उचललं आणि नियम म्हणून विचारलं, "आणि हे? आज शनिवारच आहे. चूल पेटलेली असेल ना तुझी?"

तिनं ते माझ्या हातातून ओढूनच घेतलं. "त्यांना जाळवलं नाही आर्वो, तर मला जाळवेल होय?" ती म्हणाली आणि दोन्ही धनुष्यं गाडीच्या मागच्या सीटवर शेजारी शेजारी ठेवून गेली.