टेबलाखालची पाचर

आमचे हे सुतार. त्यामुळे घरात काहीही बिघडलं की दोष लाकडाचा. दार अडकलं? फुगलं असेल, मार रंधा. जेवणाचं टेबल डुगडुगलं? ठोक पायाखाली पाचर. पुन्हा डुगडुगलं, आणखी एक पाचर. मी मेली कशाला बोलते! लाकडातलं मला काय कळतं? उलट माझी सोयच होती. स्वयंपाकघरात बटण पडो की वाटाणा, घरंगळत जाऊन मागच्या कोपऱ्यातल्या कपाटाखाली थांबायचा. शोधायची कटकट नाही.

माझा धाकटा भाऊ विमा विकतो. आला की चपला काढायच्या आत सुरू. "ताई, तुमच्या घराच्या विम्यात जमीन खचणं धरलेलं नाही. ते वेगळं घ्यावं लागतं. घ्या की!"

"अरे, हे घर मी माझ्या हातानं उभं केलंय," हे म्हणायचे. "ते खाली जाईल? तुझी अक्कल गेलीय खाली!"

"घर नाही हो दाजी, जमीन. जमीन तुम्ही नाही केलेली."

"मग ज्यानं केली त्याला जाऊन विक!"

दर रविवारी हेच. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, पण एकमेकांवाचून घास उतरत नाही. मी मध्ये पडत नाही. पडले की दोघे मिळून माझ्यावर येतात.

एका रविवारी जेवताना धाकट्याच्या हातून लिंबू सुटलं आणि चाललं की डुलत डुलत कोपऱ्याकडे.

"जाऊ दे, कपाटाखाली मिळेल," मी म्हटलं. "सगळं तिथंच जातं."

"सगळं?"

"सगळं."

त्यानं मूठभर वाटाणे फरशीवर सोडले. तेही शहाण्यासारखे त्याच वाटेनं गेले. मग हा टेबलाखाली वाकला. एकावर एक ठोकलेल्या पाचरी पाहिल्या. रंधा मारून मारून तिरकी झालेली दाराची कड पाहिली. मला वाटलं, आता हा नाचणार, इतक्या वर्षांनी जिंकला! पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दाजी, लाकडाला काही झालेलं नाही. लाकूड सरळच आहे."

हे हसायला गेले आणि अर्ध्यात थांबले. उठून पाणसळ आणली, फरशीवर ठेवली. आतला बुडबुडा सरकून थेट टोकाला जाऊन बसला. हेही खालीच बसले. घर म्हणजे यांचा जीव. दुसरं उभं करायची ताकद आता आम्हा दोघांत उरलेली नाही.

"आण तुझा कागद," हे म्हणाले. "कुठं सही करू सांग."

ज्या सहीसाठी धाकट्यानं आमचा उंबरा झिजवला, ती आयती चालून आली होती. आणि हा म्हणतो, "आता नाही, दाजी. मी डोळ्यांनी बघितलंय. आता विमा दिला तर ती लबाडी. मग तुमच्या दारात कुठल्या तोंडानं येऊ?"

"मग काय करू रे मी?" यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला रडूच यायला लागलं.

"कपाटाचं ते टोक धरा," धाकटा म्हणाला.

इस्त्रीच्या शर्टात त्यानं कपाट ओढलं, भांडी, टेबल, फळ्या सगळं अंगणात काढलं. दमून आम्ही बाहेरच चहा घेत होतो, तेवढ्यात आतून धप्प आवाज आला. कोपरा खाली गेला होता. आत कुणी नव्हतं. नुसता खड्डा, आणि तळाशी ते लिंबू.

प्लंबरला झोपेतून उठवून आणलं. सांडपाण्याचा पाइप कधीचा फुटून खालची माती वाहून नेत होता. पाइप बदलला, खड्डा भरला, फरशी सपाट झाली. भिंतींना मात्र धक्का लागला नव्हता. या सगळ्यात मी वाट बघत होते, की धाकटा आता म्हणेल, मग म्हणेल, "मी सांगत नव्हतो?" पठ्ठ्या म्हणालाच नाही. शेवटी हेच चिडले. "बोलून टाक की एकदाचं!"

"जेवण झाल्यावर बोलतो," म्हणाला आणि पुन्हा भात वाढून घेतला.

टेबल जागेवर आणलं तर केवढं डुगडुगलं! यांनी पाचरी एकेक करून काढल्या आणि धाकट्याच्या हातात ठेवल्या. "घे. लोकांना घाबरवत हिंडू नकोस. टेबलाखाली पाचर आहे का, एवढंच विचार. आणि आमचा तो विमा आण आता."

कंपनीचा माणूस येऊन सगळं बघून गेला, विमा झाला. त्या आनंदात धाकट्यानं आम्हाला जेवायला बोलावलं. भावजयीनं ताटं मांडली. यांनी सवयीनं टेबल हलवून पाहिलं. ढिम्म हललं नाही. तरी चैन पडेल तर शपथ! खाली वाकले, ते बराच वेळ वर येईनात.

म्हणून मीही वाकले. टेबलाच्या एका पायाखाली कागदाची जाड घडी होती. आमच्या भाऊरायाच्या कंपनीचंच पत्रक, वर ठळक अक्षरांत छापलेलं: 'जमीन खचली तर?'

"अहो, ते टेबल मेलं सारखं हलायचं," भावजय म्हणाली, "म्हणून मी आपलं..."

धाकट्याचा घास हातातच राहिला. हे उठले, शांतपणे बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "चला मेहुणेबुवा. कपाटाचं ते टोक धरा."