बर्डीच्या तिसऱ्या मजल्यावरची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. आता माझ्यात कुणी कांदेसुद्धा ठेवत नाही. माळ्यावर फुटक्या आरशाशेजारी मी उपडी पडून असते. पण एके काळी नागपुरात, बर्डीच्या भर बाजारात, टांग्यांच्या आणि सायकलरिक्षांच्या डोक्यावरून दिवसातून वीस वेळा खालीवर करणारी मीच होते. थोडी फुशारकी मारते खरी, पण जिने तिसऱ्या मजल्यावरून शहर पाहिले, तिला तेवढी माफ असावी.

माझा जन्म बुरडाच्या अंगणात झाला. हिरव्या बांबूच्या कामट्या विणून त्याने आम्हा पंधरा-वीस बहिणींना उभे केले. बाकीच्या संत्र्यांच्या बागांत गेल्या. मी जरा खोल आणि अरुंद निघाले, म्हणून मागे राहिले. एकोणीसशे एकावन्न साली शालिकराम नावाच्या तरुणाने मला विकत घेतले, कडीला लांब काथ्याची दोरी बांधली आणि माझे नशीब उघडले.

शालिकराम उमरेडच्या विणकरांचा मुलगा. शिकून टेलिफोन खात्यात लागला आणि बर्डीच्या एका नव्या इमारतीत त्याने भाड्याने ब्लॉक घेतला. तेव्हा ब्लॉक म्हणजे मोठीच ऐट होती. घरातल्या घरात नळ, बटण दाबले की दिवा, आणि चार बिऱ्हाडांसमोरून जाणारी एक लांब गॅलरी. खाली घरमालक ताराचंद शेटजींचे कापडाचे दुकान आणि त्याला लागून चहाचे हॉटेल होते. शालिकरामची बायको सुमती कठड्याला टेकून भाजीवाल्याला हाक मारायची, भाव वरूनच ठरायचा आणि मी खाली जायची. मेथी, लिंबे, मोगऱ्याचा गजरा, सकाळचा पेपर, सारे मी वर आणले. संध्याकाळी दुकानांचे दिवे लागले, सिनेमाची जाहिरात करणारा टांगा बँड वाजवत निघाला, की सुमती काम टाकून बाहेर यायची. सगळे शहर तिच्यासाठीच नटले आहे असे तिला वाटे. मलाही तसेच वाटायचे.

पुढच्या दसऱ्यानंतर शालिकरामची आई, अनुसया, उमरेडहून आली. सुमतीला दिवस गेले होते आणि तिला माहेरी आई नव्हती. सासूने कायमचे इथेच राहावे, एवढीच तिची इच्छा होती. पण अनुसयाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, "संक्रांतीपर्यंत राहून पाहतो. मन नाही रमलं, तर मी उमरेडले वापस."

त्यांचे मन रमेना. गल्लीत जन्म काढलेल्या बाईला इथे सगळी दारे बंद दिसत. शेजारच्या ब्लॉकात गोपाळराव नावाचे सचिवालयातले कारकून राहत. त्यांच्या पायांचा आवाज बाईंना ओळखू येई, पण दोन महिन्यांत त्यांचा चेहरा काही नीट पाहायला मिळाला नव्हता. बाई माझ्याजवळ बसून राहत. मी वर आले की आत डोकावत, आणि भाजीच असली तरी कुणाची चिठ्ठी आली असावी अशा हातांनी ती काढत. मला त्यांची फार दया यायची. सुमती त्यांच्याकडे बघे आणि भाजी निवडायला बसे.

त्यांच्या घरात एक रीत होती. सुनेच्या पहिल्या डोहाळजेवणाला जे लुगडे नेसवायचे, त्याचा ताणा सासूने स्वतः तयार करायचा. ताणा म्हणजे कापडाचे उभे सूत. ते लांब ताणून, खळ लावून, ब्रशासारख्या कुंच्याने सारखे करून वाळवायचे, मग ते मागावर चढते. या कामाला पाजणी म्हणतात. विणायचे काम उमरेडला बाईंचा भाऊ नत्थूजी करणार होता. त्याने सूत पाठवले आणि मार्गशीर्षातल्या एका पहाटे अनुसयाबाईंनी गॅलरीच्या या टोकापासून जिन्याच्या तोंडापर्यंत ताणा बांधून टाकला.

त्यांनी कुणाला विचारले नाही, कारण विचारायचे असते हेच त्यांना ठाऊक नव्हते. उमरेडला कुणाचा ताणा गल्लीत निघाला की शेजारी आपापला कुंचा घेऊन येतात आणि वाटसरू दुसऱ्या गल्लीने जातात. ओला ताणा मात्र कुणी हलवत नाही. सूत तुटते आणि सारी मेहनत पाण्यात जाते. न्याहारीपर्यंत ऊन तो वाळवते. इथे दुसरी गल्ली नव्हती, हे बाई विसरल्या. आणि आमची गॅलरी पश्चिमेची होती. तिथे ऊन दुपारशिवाय येतच नसे.

सात वाजता दारे उघडू लागली आणि उघडली तशी थबकली. दारासमोर कमरेइतक्या उंचीवर ओले सूत, भिंतीपासून कठड्यापर्यंत. खालून रांगत जावे, तर धुतलेल्या धोतरावर खळीचे थेंब. नऊ वाजले तरी ताणा ओलाच. गोपाळराव कोट-टोपी घालून, छत्री काखेत मारून दारात उभे. तेरा वर्षांत त्यांना कचेरीत एकदाही उशीर झाला नव्हता. शालिकराम शरमेने अर्धा झाला होता. आईने चुकून सगळा मजला कोंडला होता आणि आई एकटीच, मान खाली घालून, कुंचा फिरवत होती.

तेवढ्यात जिन्यावर जड पावले वाजली. खळ ठिबकून ताराचंद शेटजींच्या दुकानातल्या पांढऱ्या गादीवर पडली होती. ब्लॉक खाली करा, हे सांगायलाच ते वर येत होते. तसे ते जिन्यातूनच ओरडत आले. वर येताच ताण्याने त्यांची वाट अडवली. त्यांनी तो बाजूला सारायला हात उचलला.

"शेटजी," अनुसयाबाई म्हणाल्या, "ओला हाय. माह्या सुनेच्या लुगड्याचा हाय. वाळू द्या, मग मले हाकला."

शेटजींचा हात तसाच राहिला. तीस वर्षे त्यांनी लुगडी विकली होती, पण ताणा त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी एक धागा नुसता निरखून पाहिला. मग ते वरच्या पायरीवर मांडी घालून बसले आणि धाप टाकत म्हणाले, "वाळू द्या."

पण वाळणार कसा? गोपाळराव आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात टेबलाचा पंखा होता. दिवाळीला घेतलेला, भरतकामाचा अभ्रा घालून ठेवलेला, नवाकोरा. त्यांनी तो स्टुलावर ठेवला, वायर दारातून आत नेली आणि बटण दाबले. सूत थरथरले. अनुसयाबाई पाहतच राहिल्या.

"असा वारा उमरेडले नाही गा भाऊ," त्या म्हणाल्या. त्या गॅलरीत त्या शेजाऱ्याशी आपणहून बोलल्या, ते हे पहिले वाक्य.

मग माझी पाळी आली. सुमतीने हॉटेलवाल्याला हाक मारली आणि मी किटली अन् कपबश्या घेऊन वर आले. सांडू नये म्हणून इतक्या जपून मी आयुष्यात कधी चढले नाही. चहा ताण्यावरून हातोहात गेला, शेवटचा कप पायरीवरच्या शेटजींना. गोपाळरावांनी छत्री ठेवली, कोट काढला आणि दुसरा कुंचा मागून घेतला. तो त्यांनी उलटा धरला होता. बाईंनी त्यांना सरळ धरायला शिकवले.

साडेअकराला ताणा उतरला. शेटजी उठले, गुडघे झाडले आणि शालिकरामला म्हणाले, "पुढल्या वेळी रविवारी करा. दुकान बंद असतं. आणि खाली पोतं बांधा." एवढे सांगून ते निघून गेले.

तरीही इथे राहणार की परत जाणार, ते बाईंनी सांगितले नाही. सुमतीने विचारले नाही. संक्रांतीच्या सकाळी अनुसयाबाई गॅलरीत आल्या, वाटीभर तिळगूळ माझ्यात ठेवला आणि दोरी सोडू लागल्या. "ताराचंद शेटले दे गा," त्यांनी हॉटेलवाल्याला वरून सांगितले. मग वळून सुनेला म्हणाल्या, "पाहत काय राहिली वं? मले इथंच राहायचं हाय, तर खालच्यांशी गोड नको बोलू?" सुमती आत जाऊन रडली. मला ती दोरीच्या टोकावरूनही ऐकू आली.

पुढे त्या ब्लॉकात गोपिका जन्मली. त्या गॅलरीत रविवारी आणखी चार ताणे वाळले. माझी कडी मोडली तेव्हा बाईंनी उरलेल्या सुताने ती घट्ट गुंडाळली. मग छप्पन्न साल आले. नागपुरातून राजधानी गेली, सचिवालय गेले आणि गोपाळरावांची बदली भोपाळला झाली. जाताना ते आमच्या दारात पंखा ठेवून गेले. "तुमच्या ताण्याला लागेल," एवढेच म्हणाले. त्यांच्या टांग्यात शिदोरी पोचवून, टांगा वळेपर्यंत मी रिकामीच लोंबकळत होते. त्या दिवशी मला खूप वाईट वाटले.

गेल्या वर्षी अनुसयाबाई गेल्या. गॅलरीला जाळी बसली, तिच्यातून मी बाहेर जाऊ शकत नाही. परवा गोपिकाने मला फेकायला काढले, तेव्हा सुमतीने कडीवरच्या सुतावरून बोट फिरवले आणि मला पुन्हा माळ्यावर ठेवले.

मित्रांनो, उंच घरांत खुशाल राहा. मोठी मजा असते तिथे. जुन्या वस्तू फेकण्याआधी त्यांच्या कडीला काय गुंडाळले आहे ते तेवढे पाहा. आणि कधी कुणाचा ओला ताणा तुमच्या दारात आडवा आला, तर ओढू नका. थोडे थांबा, आणि घरात पंखा असेल तर बाहेर आणा.