तानीची झेप

“उचललंत! काका, पुन्हा बोट उचललंत!” रोशनी ओरडली.

सुदामकाकांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. सायवनच्या मैदानावरचा खो-खोचा खांब अगदी रेखीव आला होता. त्याच्यामागे एक निळा डाग होता. तो डाग म्हणजे तानी.

“एकच आला,” काका पुटपुटले.

एकच येणार होता. मसोलीत चाळीस वर्षं त्यांनी स्टुडिओ चालवला. रेशनकार्डाचे फोटो, परीक्षेच्या फॉर्मचे, स्थळ म्हणून पाठवायचे. माणूस स्टुलावर बसायचा, काका ‘हलू नका’ म्हणायचे, बटण एकदा दाबायचे आणि बोट आपोआप वर यायचं. रिळात छत्तीसच फोटो निघत. एकाच माणसाचा दुसरा काढणं म्हणजे उधळपट्टी. रीळ जाऊन वीस वर्षं झाली होती, पण बोटाला ते कोणी सांगितलं नव्हतं.

“निघाला का हो फोटो, भाऊ?” तानीची आई सुनिता फोन हातात धरून मैदानाच्या कडेला उभी होती. तिचा नवरा लाहू वेरावळच्या मासेमारी बोटीवर खलाशी. पंधरा दिवसांनी बोट आज धक्क्याला लागली होती आणि संध्याकाळी परत निघणार होती. तानीला पुण्याकडच्या एका क्रीडा वसतिगृहात जागा मिळत होती. फॉर्म उद्या द्यायचा होता आणि बापाचा होकार अडला होता. पोर धावते त्यात काय बघायचं, एवढंच तो फोनवर म्हणत होता.

“व्हिडिओ धाडला व्हता,” सुनिता म्हणाली. “त्याच्या फोनवर नुसतं गोल गोल फिरतं. फोटो जातो.”

तानीच्या संघाचा आक्रमणाचा शेवटचा डाव उरला होता. काकांनी कॅमेऱ्याचा पट्टा स्वतःच्या गळ्यातून काढला आणि रोशनीच्या गळ्यात घातला. आठवीतली ही पोर वाणगावहून दर रविवारी त्यांच्याकडे शिकायला यायची.

“मी? आणि चुकलं तर?”

“मी आत्ताच चुकलोय. आता तुझी पाळी.”

“काका, मस्करी नको ना!”

“बरं, ऐक. खांबाकडे बघू नकोस, तो कुठे जात नाही. कॅमेरा आळशी असतो. समोर काही स्थिर दिसलं की तिथेच चिकटतो. म्हणून तानी रांगेतून उठली रे उठली की तिला चौकोनात धर, बटण अर्धं दाब आणि कंबरेतून तिच्याबरोबर वळत राहा. फोकस तिच्यामागे पळेल.”

“आणि पूर्ण कधी दाबू?”

“ती सूर मारायच्या एक पाऊल आधी.”

“ते मला कसं कळणार?”

“तिचे खांदे सांगतील. खांदा खाली गेला की दाब, आणि मी सांगेपर्यंत सोडू नकोस.”

शिट्टी वाजली. ‘खो!’ मिळाला तशी तानी उठली. रोशनीने घाईघाईने बटण दाबलं. कट-कट-कट-कट करत कॅमेरा सुटला आणि तानी खांबाशी पोचायच्या आत गप्प झाला.

“बंद पडला!” रोशनी रडवेली झाली.

“दम लागलाय त्याला. एवढे फोटो एकदम गिळले, आता पचवतोय. फार छान झालं.”

“काय छान?”

“लवकर म्हणजे किती लवकर, ते कळलं तुला. आता थोडी थांब.”

दीड मिनिट उरलं होतं. समोरच्या वांद्री संघाची उंच मुलगी खांबाभोवती हुलकावण्या देत होती. तानी पुन्हा उठली. रोशनी तिच्याबरोबर वळली, वळत राहिली. खांदा खाली गेला.

कट-कट-कट-कट-कट!

“धर! धरून ठेव!” काका पोरांपेक्षा मोठ्याने ओरडत होते.

पडद्यावर तानी आडवी तरंगत होती. एक हात खांबाला, दुसऱ्याची बोटं त्या उंच मुलीच्या पाठीवर, दोन्ही पाय जमिनीपासून हातभर वर. डोळे इतके स्पष्ट की पापण्या मोजाव्यात. रोशनी जागच्या जागी उड्या मारायला लागली.

कॅमेऱ्यातलं कार्ड सुनिताच्या फोनला जोडून फोटो लाहूला पाठवला. थोड्या वेळाने लाहूचाच फोन आला. सुनिताने स्पीकर लावला.

“ही आपली तानी?”

“मग कोणाची?”

पलीकडे बोटीचं इंजिन धडधडत होतं.

“मग पडली असंल ना? लागलं का तिला?”

“नाय हो. ती काय, तिथं पाणी पिते.”

“मला कसं दिसंल? दाखव.”

सुनिताने काकांकडे पाहिलं. रोशनी एकदम म्हणाली, “आहेत ना पुढचे! मी सोडलंच नव्हतं.”

तिने एकेक पाठवला. तानी छातीवर आपटलेली, भोवती धूळ. तळवे जमिनीवर. एक गुडघा वर. दोन्ही पायांवर उभी, कोपराची माती झटकताना, हसताना.

“उठली गं,” लाहू म्हणाला.

“हां.”

“कोणी उठवली नाय तिला.”

“नाय.”

“फॉर्म भरून टाक.” मग जरा थांबून, “आन् घरात लावायला तो उठलेला काढ. उडते तो नको.”

पलीकडून, बोट सुटतेय म्हणून, कोणीतरी त्याला हाक मारली. तरी त्याने फोन ठेवला नाही. सुदामकाकांनी रोशनीला खांद्याला धरून हळूच बाजूला नेलं. सुनिताने स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि ती रेंज जाईपर्यंत इंजिनाचा आवाज ऐकत उभी राहिली.