पुतळाबाईंचा आवाज आणि मी

मित्रांनो, दिसायला मी अजून देखणा आहे. राखाडी धातूचं अंग, कातीव कडा, एका बोटाने उघडणारं झाकण. मला उलटा मात्र करू नका. आतून जे पडेल ते पाहून तुम्हाला जेवण जाणार नाही. मी एक जुना, महागडा लॅपटॉप आहे आणि मला माझीच किळस येते.

माझा जन्म काम करणाऱ्यांसाठी झाला. माझ्या पडद्यावर लाल रंग लालच दिसतो ना, हे तपासून कारखान्याने मला खोक्यात घातलं. ज्याचं पोट लॅपटॉपवर चालतं, त्याला नखरे नको असतात. त्याला खरा रंग हवा, दिवसभर राबवलं तरी न तापणारं अंग हवं, कार्ड आणि डिस्क जोडायची सोय हवी आणि सोपवलेलं सांभाळणारं पोट हवं. हे सगळं माझ्याकडे होतं. त्याचा मला गर्वही होता.

अंधेरीच्या दुकानातून मला सुयोगने नेलं. तो विक्रोळीचा, लग्नांचे व्हिडिओ कापून-जोडून देणारा. दुकानदाराने विचारलं, "काम काय करता?"

"ते सोड ना यार. क्लायंटसमोर उघडला की झकास दिसला पाहिजे."

गाढवाला गुळाची चव काय. नवेपणा जाईल म्हणून पडद्यावरचं प्लास्टिक त्याने काढलंच नाही. मग नवरीचा लाल शालू विटकरी दिसायचा आणि शिव्या मला. काम करताना शेजारी फरसाणाची पुडी असायचीच. तेलकट बोटं माझ्या बटणांवर, शेव बटणांच्या फटींत. मला तो गादीवर ठेवायचा, त्यामुळे हवा आत-बाहेर करायची माझी भोकं बुजून जायची. ऊब आणि खाऊ दोन्ही फुकट मिळाल्यावर झुरळांनी माझ्यात संसार थाटला. त्यांची पिल्लं माझ्या पंख्यात फिरायची. शी. आठवलं तरी शिसारी येते.

दसऱ्याच्या थोडं आधी सुयोग मढच्या कोळीवाड्यात गेला. तिथल्या निशा नावाच्या कोळी मुलीचं लग्न ठरलं होतं. तिची आजी पुतळाबाई हळदीची गाणी म्हणायच्या आणि निशाला ती जपून ठेवायची होती. पुतळाबाई ओट्यावर बसून गायल्या. घरी येऊन सुयोगने ते सगळं माझ्यात उतरवलं आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून दुसऱ्या लग्नाला वापरलं. आता तो आवाज जगात एकाच जागी होता, माझ्या पोटात. खरखरीत आवाज, पण एकदा वर चढला की खाली यायचं नाव घेत नसे. त्या घाणीतही मला तेवढ्यापुरतं बरं वाटे.

सुयोगची बहीण दीप्ती त्याला म्हणाली, "बाहेरच्या डिस्कवर एक कॉपी मारून ठेव रे."

"दसरा झाला की करतो ना."

दसऱ्याला माझी पूजा झाली. सुयोगच्या आईने, सुलक्षणाबाईंनी, हातात पळी घेऊन विचारलं, "सुयोगा, ह्याच्यार पाणी शिंपडलंय तर चलात मां रे?"

"कर गं, काय नाय होत," फोनमधून मान वर न काढता सुयोग म्हणाला.

पाणी, कुंकू, अक्षता सगळं माझ्यावर पडलं आणि डिस्क जोडायच्या खाचेत ओलं कुंकू जाऊन सुकलं. त्या माउलीला मी दोष देत नाही, तिने विचारलं होतं. खाच बुजली ती बुजलीच आणि कॉपी राहून गेली.

दिवाळीनंतर पुतळाबाईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. निशाचा फोन आला, "दादा, आजीची गाणी द्या. हळदीला तीच लावायचीत."

सुयोग मला गादीवर घेऊन बसला. पंखा कधीच जाम झाला होता. मी तापलो, पडद्यावर इशारे दिले, ते त्याने एकेक करून मिटवले. भर दुपारी माझ्या पोटात काहीतरी जळालं आणि पडदा काळा झाला.

दोन दिवसांनी निशा आजीला घेऊनच आली. तेव्हा दुरुस्तीवाला नंदकिशोर माझी पाठ उघडत होता. झुरळांची टरफलं, काळं पडलेलं फरसाण, गादीचा कापूस. खोलीभर वास सुटला. निशाने नाकाला ओढणी लावली.

"मासळीच्या पाटीत हात घालून वाढले मी," ती म्हणाली, "पण ही घाण बघवत नाय."

"गाणी परत येणार नाहीत," नंदकिशोर मला सुलटा ठेवत हळूच म्हणाला. "जिथे होती तेच जळलंय."

"मशीनच फालतू निघालं," सुयोग म्हणाला. "टेन्शन नको घेऊस गं. नेटवर कोळीगीतं ढिगाने आहेत, त्यातलं एखादं लाव ना."

मित्रांनो, मी झुरळं सोसली. हे वाक्य मला सोसवलं नाही.

निशा दारात जाऊन चप्पल घालू लागली. पुतळाबाई मात्र माझ्यापाशी थांबल्या. त्यांनी चालत्या हाताने पदर घेतला आणि माझी बटणं पुसली, मग पडदा. इतक्या दिवसांत मला कुणी पुसलं असेल तर ते तेवढंच. मग त्या पडद्याजवळ कान आणून जराशा वाकल्या, आणि वाट बघत राहिल्या.

हातातली वस्तू स्वच्छ ठेवा, मित्रांनो, आणि तिच्यात कुणाचं काय ठेवलंय ते विसरू नका. माझ्यात एका बाईचा आवाज होता आणि माझा मालक माझ्यावर फरसाण खात बसला.