गप्पी मंडळींत बेट्या

शिट्टीमास्तरांचं खरं नाव पगाराच्या कागदाबाहेर कोणी वापरत नसे. तरणतलावावर उंच खुर्चीत बसून पाण्याकडे बघत राहायचं, कोणी ओल्या फरशीवरून धावलं की शिट्टी, कोणी उथळ बाजूला सूर मारला की शिट्टी, हे त्यांचं काम. तिथे त्यांच्या शिट्टीला भलताच मान होता. घरी आलं की शिट्टी दारामागच्या खुंटीला आणि तोंडाला कुलूप. कारण घरात दोन बायका होत्या आणि दोघींनाही उत्तम बोलता येत होतं.

त्यांची बायको हॉस्पिटलच्या धुलाई विभागाची प्रमुख होती. दिवसभर चादरींच्या डोंगरात वावरल्यावर तिला घरी ओल्या कशालाच हात लावायची इच्छा नसे. त्यामुळे बैठकीच्या खोलीतली माशांची टाकी ही संपूर्णपणे सासूबाईंची जहागीर होती.

सासूबाईंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. जन्मभर कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून दिली. गुडघा कुरकुरायला लागल्यावर त्या लेकीकडे राहायला आल्या, आणि दिवसभर घरात बोलायला कोणी नाही म्हणून त्यांनी मासे पाळले. दुकानात "गप्पी" हे नाव ऐकल्यावर त्यांनी दुसऱ्या माशांकडे पाहिलंसुद्धा नाही. "नावातच गप्पा आहेत, मला हेच द्या," म्हणाल्या.

गप्पींनी त्यांना निराश केलं नाही. बघता बघता टाकी पिल्लांनी भरली. सासूबाईंनी बिल्डिंगमध्ये घरोघरी बरण्या भरून पिल्लं वाटली. पुढे पुढे तर हातात बरणी घेऊन त्या जिना उतरायला लागल्या, की खालच्या मजल्यांवर पटापट दारं लागायची. पण त्यांची हौस काही कमी होईना. प्रत्येक माशाला नाव होतं. केशरी शेपटीचा, सदान्‌कदा माद्यांच्या मागे लागलेला तो नवरदेव. पोट सुटलेली, सगळ्यांत थोराड मादी ती म्हातारी.

एकदा शिट्टीमास्तर या मंडळींचं खाणं आणायला दुकानात गेले आणि तिथे त्यांची नजर एका फळीवर अडकली. प्लॅस्टिकच्या छोट्या पेल्यांत एकेक मासा ठेवला होता. त्यातला एक गडद निळा, शेपटीच्या कडेला लालसर झालर. पेला एवढा लहान, की वळायचं म्हटलं तरी बिचाऱ्याला शेपूट दुमडून घ्यावी लागत होती. जन्म पाण्याकडे बघण्यात गेलेल्या माणसाला ते बघवेना.

"एवढ्याशा पाण्यात याला चालतं?" त्यांनी विचारलं.

"चालतं की," दुकानदार म्हणाला.

"त्याला विचारलंत?"

दुकानदार हसला. "घेऊन जा मग. बेटा म्हणतात याला. लोक फायटर म्हणतात. दोन नर एकत्र ठेवायचे नाहीत, एवढं सांभाळा."

"आणि गप्पींबरोबर?"

"ते माशामाशावर असतं. कुठे जमतं, कुठे नाही. ठेवून बघा, आणि लक्ष ठेवा."

लक्ष ठेवणं हा तर मास्तरांचा धंदाच होता. ते पिशवी घेऊन घरी आले.

सासूबाईंनी पिशवी उजेडाकडे धरून पाहिली. "जावईबापू, हे काय आणलंत?"

"बेटा आहे, आई."

"तुमचा असेल! मला याच्या चेहऱ्यावरूनच कळतंय, गुंड आहे. माझ्या लेकरांत याला सोडायचा नाही."

"गरीब आहे हो."

"गरीब? नाव फायटर आणि म्हणे गरीब!"

सोफ्यावर आडव्या झालेल्या बायकोने डोळे न उघडता सांगितलं, "काय भांडायचं ते भांडा, पण फरशीवर पाणी सांडू नका."

मास्तरांनी पिशवी थोडा वेळ टाकीत तरंगत ठेवली आणि मग माशाला अलगद आत सोडलं. बेट्याने एक चक्कर मारली, काचेत स्वतःचंच रूप पाहून कल्ले फुगवले, आणि गुपचूप कोपऱ्यातल्या फिल्टरमागे जाऊन बसला. सासूबाई टाकीसमोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पहारा जरा सैल झाला आणि एका सकाळी म्हातारी पाण्यावर उलटी तरंगताना दिसली.

"खाल्ली! मेल्याने माझी म्हातारी खाल्ली!"

"खाल्ली कुठे, आई? अख्खी तर आहे. वय झालं होतं तिचं."

"वय झालं म्हणून जीव घ्यायचा? मग माझंही वय झालंय!"

बेट्याची रवानगी ओट्यावरच्या काचेच्या बरणीत झाली. मास्तर रोज त्याचं पाणी बदलायचे आणि बरणीवर बोट टेकवून "थोडे दिवस काढ" असं सांगायचे. शेवटी बायकोच वैतागली. "मी चहा करत असते आणि हा माझ्याकडे टक लावून बघतो. मला उगाच अपराधी वाटतं. आई, त्याला टाकीत घाल, नाहीतर चहा तू कर." सासूबाईंना चहा आयता लागत असे. बेट्या टाकीत परतला.

पण परतल्यावर त्याची रया गेली. शेपटीची झालर दिवसेंदिवस फाटत चालली, जुन्या फडक्यासारख्या तिच्या चिंध्या लोंबायला लागल्या. सासूबाईंचं म्हणणं तयार होतं. "मारामाऱ्या करतो, दुसरं काय! गुंडांचे कपडे धड नसतातच." मास्तरांना ते पटत नव्हतं, पण उलट सांगायला त्यांच्याकडेही काही नव्हतं. जाता-येता ते टाकीत डोकावत, तर बेट्या एकटाच कोपऱ्यात आणि गप्पी इकडून तिकडे मजेत.

त्याच आठवड्यात तलावावर एक प्रसंग घडला. सुट्टीचा दिवस, तुडुंब गर्दी. एका बाजूला कॉलेजच्या पोरांचा धुडगूस चाललेला, सगळ्यांच्या नजरा तिकडे. मास्तरांनी त्या पोरांना शिट्टी मारली आणि सवयीने नजर उरलेल्या पाण्यावरून फिरवली. खोल भागाच्या दोरीजवळ एक आडदांड माणूस पाण्यात उभा दिसत होता. हाच मघाशी काठावर दंड फुगवून फोटो काढून घेत होता. आता त्याचं डोकं मागे कललं होतं, तोंड पाण्याच्या रेषेवर, आणि दोन्ही हात पाणी खाली दाबत होते. तोंडातून चकार शब्द नाही. मास्तरांनी खुर्चीवरून थेट उडी घेतली.

त्याला काठावर आणून कुशीवर वळवला, पाणी निघालं, रंग परत आला. त्याची बायको हातभर अंतरावर पाय सोडून बसली होती. ती म्हणाली, "मला वाटलं, गंमत करतायत. ओरडले का नाहीत हे?"

"ओरडायचंच होतं," माणूस खोकत म्हणाला. "आवाजच फुटेना."

"फुटत नाही," मास्तर म्हणाले. "जो ओरडतो त्याला निदान श्वास तरी घेता येत असतो." त्यांनी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले आणि टाकीसमोर बसले. रोज बघायचे तसं जाता जाता नव्हे. खुर्चीवरून बघतात तसं, सगळं पाणी एकदम. मग एकेक दिसायला लागलं. फिल्टरच्या पाण्याचा झोत थेट समोरच्या, बेट्याने आता धरलेल्या कोपऱ्यात येत होता आणि एवढी जड झालर घेऊन त्याला जागच्या जागी टिकायलाच धाप लागत होती. तेवढ्यात मागून नवरदेव आला, शेपटीचा लचका तोडला आणि पसार. बेट्या सावकाश वळला, तोवर दुसऱ्या बाजूने दुसरा. मग तिसरा. माद्या बिचाऱ्या आपल्या तळाशी चरत होत्या. हा उद्योग नरांचा होता.

"आई, जरा इकडे या."

"फोन चाललाय माझा."

"फोन घेऊनच या. आणि बेट्याकडे बघू नका, नवरदेवाकडे बघा."

सासूबाई कानाला फोन लावून, चष्मा सावरत टाकीसमोर उभ्या राहिल्या. फोनवरच्या मैत्रिणीला "हं, हं" करता करता त्यांचं हं थांबलं. नवरदेवाने पुन्हा एक फेरी मारली, पुन्हा लचका तोडला.

"ठेवते गं," सासूबाई मैत्रिणीला म्हणाल्या. "घरातच चोर सापडलाय."

आणि मग त्यांनी जे केलं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तरातरा दारापाशी गेल्या, खुंटीवरची शिट्टी काढली आणि टाकीसमोर येऊन छातीत मावेल तेवढा श्वास भरून वाजवली. मासे दाही दिशांना पळाले. सोफ्यावर डुलकी घेत असलेली बायको ताडकन उठून बसली.

"काय झालं? कोण बुडतंय?"

"कोणी नाही. हा लाडोबा बघ!" सासूबाई बोट नाचवत म्हणाल्या. "मी याला चिमटीने भरवते, आणि हा त्या गरिबाची शेपूट खातो! आणि मी इतके दिवस त्या गरिबालाच शिव्या घालतेय."

मग सासूबाई खुर्ची ओढून टाकीसमोर बसल्या. "म्हातारी आपल्या मरणानेच गेली असेल, नाही?"

"असेल."

"हं."

दुसऱ्या दिवशी सगळे कामाला लागले. मास्तरांनी फिल्टरचा झोत बारीक केला आणि त्याचं तोंड काचेकडे वळवलं. दुकानातून पाणवनस्पतींचे झुपके आणले, एक रुंद पानांची वनस्पती आणली. बेट्या त्याच संध्याकाळी तिच्या पानावर गादीवर लोळावं तसा लोळत पडला. नर मात्र बाहेर काढायलाच हवे होते. पण ठेवायचे कुठे? बिल्डिंगमध्ये तर सासूबाईंच्या बरणीला कोणी दार उघडलं नसतं.

मास्तरांनी तलावावरच्या तिकीटबाईंना विचारलं. तिकीटबाई म्हणजे कपाळावर कायमची आठी. "मला सुटे पैसे सांभाळायला वेळ नाही, मासे कुठे सांभाळू?" पण त्यांच्या खिडकीशेजारचं टेबल रिकामं होतं. मास्तरांनी माळ्यावरची जुनी टाकी घासूनपुसून तिथे मांडली, नळाचं पाणी भरून ते माशांना मानवेपर्यंत काही दिवस मुरू दिलं आणि नवरदेवासकट सगळ्या नरांचं बिऱ्हाड तिकडे हलवलं. थोड्याच दिवसांत तिकिटाच्या रांगेतल्या लोकांना खिडकीतून ऐकू यायला लागलं, "थांबा हो जरा, यांचं खाणं झालं की देते तिकीट."

घरच्या टाकीत आता बेट्या आणि माद्या. एकदा त्याने एकीसमोर कल्ले फुगवून पाहिले. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. त्यानंतर त्याने तो नाद सोडला. शेपटीला नवी कड फुटली, आधी काचेसारखी पारदर्शक, मग हळूहळू निळी. नर गेले तरी माद्यांना पुढे बरेच दिवस पिल्लं होत राहिली; ती मात्र तो खायचा. पहिल्यांदा सासूबाईंच्या डोळ्यांदेखत त्याने एक गिळलं तेव्हा त्या "अरे बेट्या!" म्हणून किंचाळल्या आणि दिवसभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. मग त्यांनी एका कोपऱ्यात शेवाळाचा दाट झुपका लावून घेतला. त्यात जी लपतील ती आपली, जी बाहेर फिरतील ती त्याची, असा हिशेब ठरला. बिल्डिंगमध्येही लोक पुन्हा दारं उघडी ठेवून बसायला लागले.

सासूबाईंना चुकल्यासारखं वाटायचं ते नवरदेवाचं. कितीही रागावल्या तरी हाताने वाढवलेला तो. म्हणून त्या अधूनमधून जावयाबरोबर तलावावर जायच्या, तिकीटबाईंशी गप्पा मारायच्या, नवरदेवाला खाऊ घालायच्या. डॉक्टर कधीपासून कानीकपाळी ओरडत होते, की गुडघ्यासाठी पाण्यात चाला. त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. काठावर उभं राहून बायकांना पाण्यात हसताखिदळताना पाहिलं, आणि एक दिवस घरातून निघताना त्यांच्या पिशवीत टॉवेल आणि नवाकोरा पोहण्याचा पोशाख होता.

"कोणाला सांगायचं नाही," त्यांनी जावयाला बजावलं.

उथळ बाजूला कठडा धरून त्या पाण्यात उतरल्या. पहिले काही क्षण चेहरा असा, की आता भूकंप होणार. मग एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, कठडा सोडला. शेजारी अशीच एक बाई पाण्यात चालत होती. "तुमचाही गुडघाच का?" असं विचारून सासूबाई तिच्या बरोबरीने निघाल्या, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि परत. मास्तर वर खुर्चीत बसून सगळं पाणी बघत होते.

परतताना दोघं पायीच आले. त्या बाईला किती मुलं, सून कशी आहे, गुडघ्याला कोणतं तेल लावते, ही सगळी कुळकथा सासूबाईंनी वाटेत सांगितली. घरी आल्यावर लेकीने आईच्या ओल्या केसांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"मी काही सांगितलेलं नाही," मास्तर म्हणाले.

"मीच सांगते," सासूबाई पंख्याखाली बसत म्हणाल्या. "आधी चहा कर. मला उद्या पुन्हा जायचंय."